म्युझियममधला सांगाडा खोटा असतो, मग खरा का वाटतो?

म्युझियममधे डायनासोरच्या सांगाड्यासमोर उभं राहून फोटोबिटो काढून झाले की कुणाचं तरी लक्ष खालच्या छोट्याशा पाटीकडे जातं. तिथे लिहिलेलं असतं "प्रतिकृती", आणि चेहरा असा पडतो की विचारू नका. परवा माझ्या भाचीने अशाच एका सांगाड्याचा फोटो पाठवला आणि खाली मेसेज, "मावशी हे सगळं फेक आहे!! तू पण हेच करतेस ना?" हो बाई, मी पण हेच करते. साच्यातून निघालेल्या पांढऱ्याफटक कवट्या, दात, नख्या, अंडी घ्यायची आणि खऱ्यासारखी दिसेपर्यंत रंगवत बसायचं, हेच माझं काम. तिला उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं सगळ्यांसाठीच लिहून टाकू, कारण जिथे जाईन तिथे मला हाच प्रश्न विचारतात.

खोटं ठेवतातच का पण?

आधी एक शब्द समजून घ्या, कास्ट. कवळी करायची असली की दाताचे डॉक्टर तोंडात तो चिकट लगदा दाबून माप घेतात ना, तसंच. खऱ्या हाडावर सिलिकॉन रबर चढवून साचा घ्यायचा आणि त्या साच्यात प्लास्टर किंवा रेझिन ओतायचं. रेझिन म्हणजे दोन पातळ द्रव एकत्र केले की थोड्या वेळात दगडासारखं घट्ट होतं ते प्लास्टिक. साच्यातून जो तुकडा बाहेर येतो तो कास्ट. त्याच्यावर मूळ हाडाची भेग न् भेग उतरलेली असते, ओरखडासुद्धा. फक्त रंग उतरत नाही. म्हणजे "फेक" म्हणायचंच असेल तर रंगाला म्हणा, आकार त्या खऱ्या हाडाचाच आहे.

आता खरं का नाही ठेवत, तर पहिलं कारण अगदी साधं, वजन. जीवाश्म म्हणजे हाडाच्या आत खनिजं शिरून झालेला जवळजवळ दगडच. शिकागोच्या फील्ड म्युझियममधे सू नावाचा प्रसिद्ध टी-रेक्स आहे, १९९० मधे सापडला, २००० पासून लोकांसाठी ठेवलाय. त्याची बाकीची बहुतेक हाडं खरी आहेत पण धडावर जी कवटी बसवलीय ती कास्ट आहे, कारण खरी कवटी पावणेतीनशे किलोच्या आसपास भरते, शिवाय जमिनीखाली दबून वाकडी झालेली. ती वेगळ्या काचपेटीत ठेवलीय, आणि लोक मजेत खोट्या कवटीबरोबर सेल्फी काढून जातात. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधला टायटॅनोसॉर बघा, २०१६ मधे उभा केला, १२२ फूट लांब, हॉलमधे मावत नाही म्हणून त्याची मान दारातून बाहेर लिफ्टकडे डोकावते. तो अख्खा फायबरग्लासचा आहे. खऱ्या हाडांचा तेवढा सांगाडा उभा करायचा तर लोखंडाचं जंगलच उभारावं लागेल आणि प्राणी दिसणारच नाही.

दुसरं कारण म्हणजे एक नमुना एकाच ठिकाणी असू शकतो. लंडनला १९०५ मधे डिप्लोडोकसचा प्लास्टरचा सांगाडा आला, २९२ हाडांचा, मूळ हाडं अमेरिकेत, पैसे अँड्र्यू कार्नेगी या अमेरिकन उद्योगपतीचे. त्यानंतर त्याच साच्यांमधून निघालेले भाऊबंद बर्लिन, पॅरिस असे गावोगाव गेले. शंभर वर्षांपूर्वी युरोपात ज्यांनी पहिल्यांदा एवढा मोठा डायनासोर बघितला त्यातल्या बहुतेकांनी प्लास्टरच बघितलं. काही बिघडलं का कुणाचं?

आणि तिसरं कारण मला सगळ्यात जास्त पटतं. चीनमधे झौकोदियनच्या गुहेत आदिमानवाचे अवशेष सापडले होते, पेकिंग मॅन म्हणतात ते. १९४१ मधे युद्धाच्या गडबडीत ते सुरक्षित जागी हलवायचे म्हणून पेट्यांमधे भरले आणि पेट्याच गायब झाल्या, आजपर्यंत पत्ता नाही. पण त्याआधी कुणीतरी शहाणपणा करून कास्ट काढून ठेवलेले होते, आणि त्यांचा अभ्यास करणारे फ्रान्झ वायडेनराइख ते घेऊन अमेरिकेला गेले. म्हणजे आज त्या हरवलेल्या कवट्यांबद्दल काही तपासायचं असेल तर ते "फेक"च बाहेर काढावे लागतात.

रंग चुकला म्हणून खोटं ओळखू येत नाही

हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. रंगाची छटा थोडी इकडेतिकडे झाली तर कुणाच्याच लक्षात येत नाही, तुम्ही आयुष्यात किती टी-रेक्स बघितलेत? डोळा पकडतो ते एकसारखेपण. सगळीकडे सारखा तपकिरी, सारखी चमक, की लगेच "प्लास्टिक" असा निकाल.

घराचा जुना लाकडी दरवाजा आठवा. कडीच्या आजूबाजूला हात लागून लागून काळपट आणि गुळगुळीत झालेला असतो, खाली पाणी उडून रंग फुगलेला, वरच्या भागात ऊन खाऊन फिकट पडलेला, बिजागरीखाली गंजाचा ओघळ. यातला एकही डाग उगाच नाही. आता कुणी नवीन दरवाजा "जुना दिसावा" म्हणून कुठेही फटाफट तपकिरी ठिपके मारले तर तुम्हाला नेमकं काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकलंय हे मात्र तिथल्या तिथे कळेल. गंजाचा ओघळ आहे आणि वर खिळाच नाही, असं काहीतरी.

माझ्या कामाचं सगळं मर्म इथेच आहे, डाग रंगवायचा नाही, त्या डागाचं कारण रंगवायचं. म्हणून ब्रश हातात घ्यायच्या आधी ती वस्तू कुठे पडली होती हे विचारावं लागतं. हाड पांढरं असतं असं आपण समजतो, पण ताजं हाड चरबीमुळे पिवळसर असतं, उन्हात वर्षभर पडलं की पांढरं होऊन तडकतं, दलदलीत पडलं तर गडद तपकिरी होतं, आणि शेजारी तांब्याची वस्तू पुरलेली असली तर चक्क हिरवं. जीवाश्माचं तर अजून वेगळं. आजूबाजूच्या मातीत लोह असेल तर गंजासारखा लालसर तपकिरी रंग येतो, मँगनीज असेल तर काळा. लॉस एंजेलिसच्या ला ब्रेया टार पिट्समधली हाडं डांबरात मुरून मुरून गडद तपकिरी झालीत. तिथल्या लांडग्याची कवटी मी सुंदर हस्तिदंती रंगात रंगवून दिली तर ती दिसायला छान दिसेल, पण धडधडीत खोटी असेल.

दात रंगवायला घेतला की

एक उदाहरण घेऊ, टी-रेक्सचा दात, मुळासकट फूटभर लांब. साच्यातून निघाला की तो साबणासारखा दिसतो. (काही जण ओतायच्या आधीच रेझिनमधे थोडा तपकिरी रंग मिसळतात, म्हणजे पुढेमागे टवका उडालाच तरी आत पांढरं दिसत नाही. मी पण आता तेच करते.)

पहिलं काम, धुणं. कास्ट साच्याला चिकटू नये म्हणून साच्यात तेलकट फवारा मारलेला असतो, तो कास्टवर पण येतो. मी सुरुवातीच्या दिवसात एकदा घाईघाईत एक कवटी न धुताच रंगवली, तीन दिवस मान मोडून काम केलं, छान झाली होती, आणि दात झाकायला लावलेली चिकटपट्टी काढताना तिच्याबरोबर अख्ख्या गालाचा रंग सालीसारखा निघून आला. तेव्हापासून साबण, जुना टूथब्रश आणि कोमट पाणी, त्याशिवाय पुढे जात नाही.

मग प्राइमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला हात. त्यावर मूळ रंग, आणि इथे नवखे लोक हमखास चुकतात कारण ते शेवटी जो रंग दिसायला हवा तोच आधी लावून मोकळे होतात. मूळ रंग त्यापेक्षा फिकट लावायचा असतो, कारण पुढचा प्रत्येक थर त्याला गडद करत नेणार.

मग येतो वॉश. रंगात इतकं पाणी घालायचं की ते गढूळ पाण्यासारखं दिसेल, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब म्हणजे ते थेंब थेंब होऊन न बसता पसरतं, आणि ते दातावर सोडायचं. ते आपोआप भेगांमधे, खड्ड्यांमधे जाऊन बसतं, आणि वरचं आपण कापडाने पुसून घेतो. पाऊस पडून गेल्यावर रस्त्यावरच्या खड्ड्यात गाळ साठतो आणि उंचवटे धुवून निघतात, अगदी तेच. जमिनीखाली लाखो वर्षं खनिजं घेऊन पाणी भेगांमधून झिरपत होतं, तेच काम आपण दहा मिनिटांत करतोय. एक वॉश तांबूस, तो वाळला की एक काळपट, मग एखादा पिवळट, असे पाच-सहा तरी. मधे मधे स्पंजने टिपायचं, टूथब्रशच्या केसांवरून अंगठा ओढून बारीक शिंतोडे उडवायचे. शेवटी ड्राय ब्रशिंग, म्हणजे ब्रशवरचा रंग कागदावर जवळजवळ पुसूनच टाकायचा आणि तो कोरडा ब्रश कडांवरून हलकेच फिरवायचा, मग फक्त उंचवटे उजळ होतात.

यातली मला आवडणारी गंमत सांगते. या कामात सगळ्यात जास्त संपणाऱ्या दोन ट्यूब म्हणजे अंबर आणि सिएना. हे मुळात मातीचे रंग आहेत. अंबरमधे लोह आणि मँगनीज असतं, सिएनामधे लोह जास्त, मँगनीज कमी. म्हणजे ज्या खनिजांनी जमिनीत हाड रंगवलं, त्याच खनिजांनी मी रेझिन रंगवते. आजकाल बऱ्याच ट्यूबमधे कारखान्यात बनवलेली लोहाची संयुगं असतात, पण कुटुंब तेच. ट्यूबमधला काळा मात्र मी शक्यतो उघडतच नाही, तो मेलेला दिसतो. जळका अंबर आणि अल्ट्रामरीन निळा मिसळला की जो काळा होतो त्यात जीव असतो, निळा वाढवला की थंड, अंबर वाढवला की ऊबदार.

आता चमक. दाताचं टोक आणि मूळ एकाच वस्तूचे भाग असले तरी एकाच पदार्थाचे नाहीत. टोकावर एनॅमल असतं, दातावरचं ते कठीण कवच, त्यात जवळजवळ ९६ टक्के खनिजच. ते मुळासारखं पाणी पीत नाही, म्हणून मूळ तपकिरी, खडबडीत आणि मॅट, तर वरचा भाग वेगळ्याच छटेचा आणि गुळगुळीत. सगळ्या दातावर एकच वार्निश फिरवलं की आठवडाभराची मेहनत वाया. मी मुळाला मॅट वार्निश देते, टोकाला हलकं ग्लॉस, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे बोटाने पुसून सीमा थोडी मोडते. अनेकदा हा एवढाच फरक लोकांना "अरे खराच दात आहे" म्हणायला लावतो, रंगाकडे कुणी बघतही नाही.

अंडं, माझं आवडतं

पक्ष्यांच्या अंड्यांचे रंग किती असतात, निळी, हिरवट, तांबडी, ठिपक्यांची, रेघोट्यांची, आणि हे सगळं मुख्यतः दोनच रंगद्रव्यांचं काम आहे. एक निळसर हिरवं, बिलिव्हर्डिन, आणि एक तांबूस तपकिरी, प्रोटोपॉर्फिरिन. नावं लगेच विसरलात तरी चालेल, दोनच आहेत एवढं लक्षात ठेवा. पांढऱ्या कवचात ही दोन कमीजास्त मिसळून सगळा खेळ.

पण खरी मजा थरांमधे आहे. अंडं पक्षिणीच्या पोटात असतानाच कवच चढत जातं आणि ठिपकेही वेगवेगळ्या वेळी पडतात. जो ठिपका आधी पडला त्याच्यावर कवचाचा पातळ थर चढतो, म्हणून तो बाहेरून राखाडी, जांभळट, धुक्यातल्यासारखा दिसतो. जो शेवटी पडला तो गडद तपकिरी, ठळक. रंगद्रव्य एकच, खोली वेगळी. मला हे माहीत नव्हतं तोपर्यंत मी राखाडी ठिपके राखाडी रंगानेच काढायचे आणि ते कायम वरून चिकटवल्यासारखे दिसायचे, का ते कळायचं नाही. आता सगळे ठिपके तपकिरीच काढते, त्यावर मूळ पांढऱ्या रंगाचा पारदर्शक हात फिरवते, ते ठिपके आपोआप आत बुडून राखाडी होतात, मग वर नवे ठिपके. रेघोट्या असतील तर त्या एकाच दिशेने थोड्या वळलेल्या हव्यात, कारण रंग पडत असताना अंडं आत फिरत होतं. आणि बऱ्याच जातींमधे ठिपक्यांची गर्दी रुंद टोकाकडे असते.

ग्रेट ऑक नावाचा न उडणारा समुद्रपक्षी १८४४ च्या सुमारास संपला, आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर शेवटची जोडी मारली गेली. त्याची जगात जेमतेम पाऊणशे अंडी उरलीत, आणि प्रत्येकावरच्या रेघोट्या वेगळ्या. अशी अंडी कोण हाताळायला देणार? म्हणून रंगवलेले प्लास्टरचे कास्ट.

रंगवलेली अंडी नुसती बघायला नसतात हां. कोकिळा दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालते हे आपल्याला माहीत आहे, पण त्या दुसऱ्या पक्ष्याला ते ओळखू येतं का? हे तपासायला शास्त्रज्ञ नकली अंडी रंगवून घरट्यात ठेवतात आणि पक्षी ते बाहेर टाकतो का बघतात. इथे आमच्यासारख्यांची खरी परीक्षा, कारण बऱ्याच पक्ष्यांना अतिनील प्रकाश पण दिसतो, जो आपल्याला दिसत नाही. नेहमीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायॉक्साइड असतो आणि तो अतिनील प्रकाश गिळून टाकतो. आपल्या डोळ्याला हुबेहूब जुळलेलं अंडं पक्ष्याला भलत्याच रंगाचं दिसू शकतं. म्हणजे "खऱ्यासारखं" हे कुणाच्या डोळ्यांना, हा प्रश्न आलाच.

जिथे रंगाचं काही चालत नाही

मासे. मासा मेला की त्याचा रंग बघता बघता उतरतो, आणि फॉर्मॅलिन किंवा अल्कोहोलच्या बरणीत तर तो फिकट करडा होऊन जातो. त्यामुळे भिंतीवर टांगलेला झगझगीत मासा खऱ्या कातडीचा असला तरी त्याचा रंग माणसानेच दिलेला असतो, हे लोकांना माहीतच नसतं.

अवघड का, तर माशाची चंदेरी चमक रंगद्रव्याची नसतेच, कातडीत ग्वानिनचे बारीक बारीक स्फटिक आरशासारखे बसलेले असतात त्यांची असते. मॉर्फो फुलपाखराचा निळा, मोराच्या पिसाचा हिरवा-निळा, हे पण तसेच, तिथे निळं द्रव्य नाहीये, अतिसूक्ष्म रचना प्रकाशातला निळा तेवढा परत फेकते. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात पण फुगा फुटल्यावर हाताला निळं काही लागत नाही ना, तसं. त्यामुळे निळी ट्यूब लावून मॉर्फो होत नाही, निळं फुलपाखरू होतं. अभ्रकाच्या कणांवर पातळ लेप दिलेली पावडर मिळते, ती बऱ्यापैकी जवळ नेते. बऱ्यापैकीच.

"आता थ्रीडी प्रिंटर सगळं करेल की"

आकाराचं काम तो करतोच आहे आणि मला आनंद आहे. नाजूक हाडावर रबर ओतण्यापेक्षा स्कॅन करणं केव्हाही चांगलं, हाड अजून दगडात अडकलेलं असेल तरी सीटी स्कॅनमधून आकार काढता येतो. प्रिंटवर थरांच्या बारीक रेघा राहतात, त्या घासून घालवाव्या लागतात एवढंच.

रंगीत प्रिंटर पण आहेत. पण ते बहुतेक वेळा फोटोवरून रंग घेतात, आणि फोटो काढताना पडलेली सावली पण त्या रंगात छापली जाते, मग वस्तू फिरवली तरी सावली तिथेच. शिवाय कुठे मॅट कुठे ग्लॉस, कुठला ठिपका आत कुठला वर, हे साध्या फोटोत कुठून येणार. उद्या येईलही. आला की मी त्याच्यावर वॉश मारेन, अजून काय.

"पण ही फसवणूकच ना?"

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला इतिहासही आहे. १९१२ मधे इंग्लंडमधे पिल्टडाउन मॅन जाहीर झाला, माणूस आणि माकड यांच्या मधला दुवा म्हणून. ४१ वर्षांनी, १९५३ मधे उघड झालं की कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले आणि सगळं रसायनं लावून जुनं केलेलं. त्यातला एक सुळा तर व्हॅन डाइक ब्राउन नावाच्या तपकिरी रंगाने रंगवलेला होता. ती ट्यूब माझ्याही टेबलावर आहे! ही बनवाबनवी ज्याने कुणी केली त्याने जे केलं आणि मी जे करते त्यात तंत्राचा फरक फार कमी आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. फरक आहे तो पाटीचा. मी प्रत्येक कास्टच्या तळाशी किंवा आतल्या बाजूला न पुसणारी खूण करते आणि कास्ट असं लिहिते, कुणी नको म्हणालं तरी. एकदा एका गिऱ्हाइकाने खूण काढून द्यायचा फार आग्रह केला होता, काम परत केलं.

दुरुस्तीच्या कामात तर एक जुना पाळलेला नियम आहे, सहा फूट सहा इंच. खऱ्या हाडाचा तुटका भाग भरून रंगवायचा तर तो सहा फुटांवरून अखंड वाटला पाहिजे, पण सहा इंचांवरून बघितलं तर भरलेला भाग कुठला ते कळलं पाहिजे. म्हणून भरलेला भाग मुद्दाम किंचित फिकट किंवा सपाट ठेवतात. अतिनील टॉर्च मारला तर बऱ्याचदा खरं हाड वेगळं चमकतं आणि रेझिन, रंग वेगळे चमकतात, त्यामुळे तज्ज्ञाला फसवणं आज तितकं सोपं नाही.

"डायनासोरचा रंग तुम्हाला काय माहीत?"

हाडाचा रंग आणि प्राण्याचा रंग, दोन वेगळी कामं आहेत. कातडीसकट डायनासोर रंगवायचा तर पूर्वी सरळ अंदाज असायचा, मगर हिरवी म्हणून हा पण हिरवा. आता थोडं तरी हाताला लागलंय. काही जीवाश्मांमधे पिसांबरोबर रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या टिकून राहिल्यात, त्या लांबट असतील तर काळपट रंग, गोलसर असतील तर तांबूस. २०१० मधे सायनोसॉरॉप्टेरिक्स नावाच्या छोट्या डायनासोरची शेपटी तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांची होती हे असंच कळलं. २०१६ मधे बॉब निकोल्स या कलाकाराने सिटॅकोसॉरस या डायनासोरची पूर्ण आकाराची मूर्ती केली, वर गडद, पोटाखाली फिकट, आणि ती रंगसंगती एका जीवाश्मात टिकलेल्या रंगाच्या खुणांवरून घेतलेली होती. शास्त्रज्ञांनी त्याच आकाराची एक करडी मूर्ती वेगवेगळ्या उजेडात ठेवून तिच्यावर सावल्या कशा पडतात ते बघितलं, आणि असा प्राणी गर्द झाडीत राहत असावा असं सांगितलं. बाकी बहुतेक डायनासोरांचे रंग मात्र अजूनही विचारपूर्वक केलेला अंदाजच आहेत, आणि पाटीवर तसं लिहिलेलं बरं.

लाइटने केलेला घोळ

एकदा रात्री पिवळ्या बल्बखाली एका जबड्याचा तुटलेला कोपरा रंगवला, खऱ्या भागाला तंतोतंत जुळला, खूश होऊन झोपले. सकाळी खिडकीशी नेला तर कोपरा हिरवट! रंग रात्रीत बदलला नव्हता. दोन वेगळी रंगद्रव्यं एका उजेडात सारखी दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फुटतात, कारण ती प्रकाशातले वेगवेगळे भाग परत फेकत असतात. दुकानात जुळणारा ब्लाउजपीस घरी आल्यावर साडीला जुळत नाही, तेच हे. म्हणून आता कुठलंही काम घ्यायच्या आधी विचारते, हे ठेवणार कुठे, वर लाइट कुठला. लोकांना वाटतं बाईला फार चौकशा.

भाचीला मी शेवटी एवढंच लिहिलं की पुढच्या वेळी पाटी वाचायच्या आधी लोखंड शोध. खऱ्या हाडाला सहसा भोक पाडत नाहीत, ते बाहेरून धातूच्या कंसांनी धरलेलं असतं, प्रत्येक हाड वेगळं काढता यावं म्हणून. कास्ट असेल तर सळई आतून जाते आणि बाहेर काहीच दिसत नाही. मग दाताचं टोक आणि मूळ यांची चमक बघ, आणि कडेने एखादी सरळ बारीक रेघ जाते का बघ, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे ती राहते. तिने लगेच त्याच फोटोवर लाल गोल करून पाठवला, "ही रेघ??" हो, तीच. ज्याने रंगवलं त्याने ती घासायचा कंटाळा केलाय.